घरी बांधलेलं विमान, सत्तरी पार केलेले अण्णा आणि बहामाची ट्रिप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नावं घेत नाही आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात, बाकी घडलं तसंच लिहितोय.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मूळ अंबाजोगाईकडचा, आता फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोकरीला. त्याने गॅरेजात वर्षानुवर्षं रिव्हेट मारत बसून आरव्ही-९ए हे दोन सीटचं विमान बांधलं. किट व्हॅन्स कंपनीचं, इंजिन लायकॉमिंगचं १६० हॉर्सपॉवरचं, दोन्ही पंखांत मिळून ३६ गॅलन पेट्रोल, स्पीड आरामात १४० नॉट. अमेरिकेत याला 'एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर बिल्ट' म्हणतात, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, सुरुवातीचे टेस्टचे तास प्रवासी न बसवता काढावे लागतात, त्यानंतर माणूस बसवता येतो पण भाडं घ्यायचं नाही, आणि प्रवाशाला दिसेल अशी पाटी आत लावावी लागते की हे विमान सर्टिफाइड विमानांच्या नियमात बसत नाही. आपल्याकडे घरी विमान बांधलं म्हटलं की लोक आधी हसतात, मग कुणीतरी अमोल यादवांचं नाव काढतं. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या त्यांच्या विमानाला २०१७ मध्ये डीजीसीएची, म्हणजे आपल्याकडच्या नागरी विमान खात्याची, नोंदणी मिळाली होती. गावाकडच्या नातेवाइकांना मी तेच उदाहरण देत होतो, दुसरं सांगून पटत नव्हतं.

अण्णा म्हणजे दादाचे वडील, माझे थोरले काका. झेडपीच्या शाळेतून रिटायर, टुरिस्ट व्हिसावर मुलाकडे गेलेले. मराठवाड्यातल्या एकाही जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे अण्णांचा समुद्र म्हणजे मुंबईची चौपाटी, तीही एकदाच पाहिलेली.

मी वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीत आहे. विमानातलं मला काही कळत नव्हतं, पण दादा म्हणाला, "तू रोज एफएमईएच करतोस ना, मग याची शीट तू सांभाळ, मला माझंच सगळं बरोबर वाटतंय म्हणून मला बाहेरचा माणूस पाहिजे." एफएमईए म्हणजे काय काय बिघडू शकतं याची आधीच यादी करून प्रत्येकाचा धोका तोलायची पद्धत. त्याचं वाक्य मला आवडलं, म्हणून हो म्हणालो. त्यांची संध्याकाळ ती माझी सकाळ, शिफ्टला निघायच्या आधी व्हिडिओ कॉल व्हायचा.

अडचण काय होती

पहिली अडचण दादाने स्वतःच करून ठेवली होती. काहीच ठरलेलं नसताना त्याने अण्णांना सांगून टाकलं की मार्चमध्ये फ्लोरिडाजवळच्या बहामा या बेटांच्या देशात एक्झुमाला जायचं, तिथे समुद्रात पोहणारी डुकरं आहेत. अण्णा म्हणाले, "डुकरं बघायला समुद्र कामून ओलांडायचा, आपल्याकडं काय कमी हायत?" पण हरखले होते, दोन दिवसांत अर्ध्या गावाला फोन झाले. आता तारीख हलली तरी लोक विचारणार. अशा दबावाखाली पायलट चुकीच्या हवेत निघतात, म्हणून शीटमध्ये पहिली ओळ हीच टाकली: गावाला तारीख सांगायची नाही.

दुसरी अडचण कायद्याची. १९४४ च्या शिकागो कराराच्या कलम ३३ मुळे एका देशाचं विमानाचं सर्टिफिकेट दुसऱ्या देशात चालतं, पण ते ठरलेल्या किमान दर्जाचं असेल तरच. घरी बांधलेलं विमान त्यात बसत नाही, म्हणजे दुसऱ्या देशात शिरायला त्या देशाची वेगळी परवानगी पाहिजेच. बहामाच्या बाबतीत हे सोपं झालंय, अमेरिकन नोंदणीच्या घरी बांधलेल्या विमानांसाठी त्यांनी एक सरसकट मान्यतापत्र दिलंय, ते डाउनलोड करून प्रिंट विमानात ठेवायची आणि त्यातल्या अटी पाळायच्या. पण सोपं असलं तरी ते नसेल तर तुम्ही तिथे बेकायदेशीर आहात, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, कारण आपल्या घरच्या विमानतळावर रोजच उडत असतात.

तिसरी गोष्ट अण्णांनी काढली. आम्ही दोघं पाऊण तास जायचा रस्ता, उंची, हॉटेल यावर बोलत होतो, अण्णा मागे बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जायाचं काय, कुणीबी जातंय. यायाचं कसं ते सांगा आधी." दादा हसला. मी नाही हसलो, कारण शीट उघडीच होती आणि परतीच्या रकान्यात खरंच काही नव्हतं. त्या दिवसापासून शीट उलटी लिहायला घेतली, फ्लोरिडात परत उतरण्यापासून सुरुवात करून मागे मागे. या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय माझ्या मते हाच.

परतीपासून मागे आल्यावर काय दिसलं

परत येताना अमेरिकेत कुठेही उतरता येत नाही, दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाने ठरवून दिलेल्या कस्टम्सच्या विमानतळांपैकी जवळच्या ठिकाणी आधी उतरायचं. दादाला फोर्ट पिअर्स सोयीचं. पण ऑनलाइन माहिती भरली म्हणजे झालं असं नाही. प्रवाशांची यादी ईएपिसवर, म्हणजे अमेरिकन कस्टम्सच्या ऑनलाइन यंत्रणेवर, जाताना एक आणि येताना एक, दोन्ही वेळा निघायच्या किमान एक तास आधी भरलेली पाहिजे, आणि शिवाय जिथे उतरणार तिथल्या कस्टम्सला फोन करून उतरायची परवानगी घ्यायची. ही वेगळी गोष्ट आहे आणि नवखे लोक इथेच फसतात.

त्यात बहामात रात्री व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेने बघत, उडायला बंदी. दादाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडायची परवानगी, नाही, म्हणजे सूर्य मावळायच्या आत उतरलेलं पाहिजे. हवा बिघडून थांबावं लागलं तर दुसरी संधी त्याच दिवशी पाहिजे, म्हणून सकाळीच निघायला पाहिजे, आणि सकाळी निघायचं तर पेट्रोलवाला कधी येतो यावर अवलंबून राहता येत नाही. बेटांवर सगळीकडे छोट्या विमानांचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस मिळत नाही, आणि जिथे मिळतं तिथेही आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही.

मग गणित केलं. फोर्ट पिअर्स ते एक्झुमाचं जॉर्ज टाउन एका बाजूचं अंतर ३४० नॉटिकल मैलांच्या घरात, तासाला आठेक गॅलन जळणार, जाऊन-येऊन म्हणजे जवळपास पाच तास आणि चाळीस गॅलन. टाकीत ३६. म्हणजे तिकडे पेट्रोल मिळालं नाही तर अडकलो. फोर्ट पिअर्स ते ग्रँड बहामा बेटावरचं फ्रीपोर्ट मात्र सरळ १०५ मैल, किनाऱ्याने फिरून गेलं तरी १३०, जाऊन-येऊन सोळा-सतरा गॅलन. निम्मी टाकी शिल्लक.

कोणते पर्याय तोलले

एक, सरळ एक्झुमा. दादाचं मन यातच होतं.

दोन, फ्रीपोर्ट, परतीचं पेट्रोल घरूनच घेऊन.

तीन, बिमिनी. मायामीपासून पन्नासेक मैल, पाणी सगळ्यात कमी. पण दादाच्या घराकडून आधी खाली मायामीच्या गर्दीच्या आकाशात जावं लागलं असतं, आणि त्याला तो भाग ओळखीचा नाही.

चार, की वेस्ट. हेही बेटच, पण अमेरिकेचं. कस्टम्स नाही, व्हिसाचा प्रश्न नाही, बेटांच्या माळेवरून उडत जायचं. माझं मत सुरुवातीला यालाच होतं आणि मी ते दोनदा बोललो. अण्णांनी ते उडवून लावलं, "दुसऱ्या देशात जायचं ठरलंय ना?" म्हणाले. माणूस शिक्षक, शब्दाला पक्का.

पाच, अण्णांनी प्रवासी विमानाने जायचं आणि दादाने एकट्याने आपलं विमान न्यायचं. हा पर्याय सगळ्यांनी लवकर सोडला, जरा जास्तच लवकर. त्यावर पुढे लिहितोच.

ठरलं फ्रीपोर्ट, एक रात्र मुक्काम.

पाण्याचा प्रश्न

एक इंजिन आणि खाली गल्फ स्ट्रीम, म्हणजे समुद्रातला जोरदार प्रवाह. पाम बीच ते वेस्ट एंड, म्हणजे ग्रँड बहामाचं पश्चिम टोक, किनारा ते किनारा ५५ ते ६० मैल. दादाच्या विमानाचा ग्लाइड ढोबळ दहास एक धरला, म्हणजे इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना दहा फूट पुढे, जरा हात राखूनच. ९,५०० फुटांवर इंजिन बंद पडलं तर साधारण साडेपंधरा मैल तरंगत जाता येतं. दोन्ही किनाऱ्यांचे मिळून एकतीस. उरले सव्वीस मैल, म्हणजे अकरा मिनिटं अशी की ज्यात इंजिन गेलं तर पाण्यातच उतरायचं आहे. सरळ फोर्ट पिअर्सहून तिरकं गेलं तर ही वेळ अजून वाढते, म्हणून आधी किनाऱ्याकिनाऱ्याने पाम बीचपर्यंत खाली, तिथे पोचायच्या आत पूर्ण उंची, मग पूर्वेला वळायचं. दहा-अकरा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

उंची वाढवली तर? दिशेप्रमाणे उडायच्या उंच्या ठरलेल्या असतात, पूर्वेकडे जाताना पुढची नियमाची उंची ११,५००. तिथून हिशोब केला तर अकरा मिनिटांची आठ होतात. दादाला ते हवं होतं. पण अण्णांना बीपी, आणि ११,५०० फुटांवर ऑक्सिजनशिवाय सत्तरीतला माणूस. कायद्याने १२,५०० पर्यंत ऑक्सिजन लागत नाही हे खरं, पण कायदा अण्णांचं वय विचारत नाही. कोविडमधलं पल्स ऑक्सिमीटर घरात पडलेलंच होतं, ते लावून आधी समुद्रावर न जाता जमिनीच्या वरच विमानाची एक फेरी केली, पायऱ्यापायऱ्याने वर. साडेनऊ हजारावर आकडा ठीक राहिला, त्याच्या वर गेल्यावर घसरायला लागला आणि अण्णा एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा देऊ लागले. तीन मिनिटांसाठी हे परवडत नाही, साडेनऊवरच शिक्कामोर्तब. हा निर्णय मोजून झाला म्हणून मला तो पटतो, नाहीतर यावर आठवडाभर वाद चालला असता.

आता पाण्यात उतरलंच तर. लाइफ जॅकेट पाठीमागे ठेवायचं नाही, अंगात घालूनच बसायचं. दादाने आधी बोटीवाल्यांचं, पाण्याला लागलं की आपोआप फुगणारं जॅकेट आणलं होतं, ते परत केलं. कारण केबिनमध्ये पाणी शिरल्यावर ते आतच फुगतं आणि माणूस वर चिकटून बसतो, बाहेर निघता येत नाही. दोरी ओढून फुगवायचंच पाहिजे, बाहेर पडल्यावर. चाकं आत न जाणारं विमान पाण्याला टेकलं की उलटू शकतं, म्हणून टेकायच्या आधी कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उघडून अडकवायची आणि काच फोडायचं हत्यार दोघांच्याही हाताला लागेल असं बांधायचं. राफ्ट, म्हणजे फुगवायची छोटी होडी, भाड्याने घेतली, ती बॅगांच्या खाली नाही, वर. विमानातला ईएलटी, म्हणजे अपघाताचा सिग्नल देणारं यंत्र, विमानासोबत बुडतो, म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचं तसलंच यंत्र, नोंदणी करून दादाच्या जॅकेटलाच बांधला.

अण्णा लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेले, पाठीला भोपळा बांधून. "मला येतं की पोहायला," म्हणाले. शेवटचं कधी पोहलात विचारल्यावर गप्प. मग सोसायटीच्या पूलमध्ये पँट-शर्ट, बूट आणि जॅकेट घालून उतरवलं. दोरी सापडायलाच वेळ लागला. दुसऱ्यांदा डोळे मिटून सापडली. वहिनी काठावर व्हिडिओ काढत होत्या आणि मध्येच थांबल्या, कारण हे गमतीचं नाही हे तेव्हा जाणवलं असं त्या नंतर म्हणाल्या.

शीटमधला एक घोळ, जो सांगायलाच पाहिजे

आमच्याकडे जुन्या पद्धतीत गंभीरता, शक्यता आणि पकडता येणं असे तीन आकडे गुणून आरपीएन, म्हणजे धोक्याचा क्रम लावायचा आकडा, काढतात. मी तसंच काढलं तर 'कस्टम्सने फोन न उचलणं' ही ओळ 'समुद्रावर इंजिन बंद' या ओळीच्या वर आली, कारण फोन न उचलणं वारंवार होतं आणि इंजिन क्वचित बंद पडतं. गुणाकाराने मरणाला आणि खोळंब्याला एकाच तराजूत घातलं. ऑटोवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून तर अमेरिकन आणि जर्मन ऑटो उद्योगाच्या संघटनांच्या, म्हणजे एआयएजी-व्हीडीएच्या, २०१९ च्या नव्या हँडबुकात आरपीएन वगळून अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली, तिथे गंभीरता आधी बघतात. मी शीट दोन भागांत तोडली, एकात फक्त जीवावरच्या गोष्टी, दुसऱ्यात बाकी सगळ्या. दुसऱ्या भागातल्या कितीही ओळी हिरव्या झाल्या तरी पहिल्यातली एक लाल असेल तर निघायचं नाही.

इंजिनाच्या बाबतीत एकच नियम लावला: समुद्रावर जायच्या आधीचे पाच तास जमिनीच्या वरच उडायचे आणि त्यानंतर काही उघडायचं नाही. ऑइल बदललं, फिल्टर कापून आत धातूचा कीस आहे का बघितलं, प्लग साफ केले, सगळं आधी. लोक हौसेने निघायच्या आदल्या रात्री सर्व्हिसिंग करतात आणि ढिला राहिलेला नट पाण्यावर निघतो.

कागदपत्रं

विमानाची यादी मोठी आहे पण डोकं लागत नाही, वेळ लागतो. एअरवर्दीनेस (विमान उडण्यायोग्य असल्याचं) सर्टिफिकेट आणि ऑपरेटिंग लिमिटेशन्स (उडण्याच्या अटी) मूळ प्रत, रेडिओ स्टेशनचं लायसन्स एफसीसी या अमेरिकन दळणवळण खात्याचं आणि दादाचं स्वतःचं रेडिओ परमिट, देशात उडताना यातलं रेडिओचं काहीच लागत नाही म्हणून त्याच्याकडे नव्हतंच. कस्टम्सचा वार्षिक स्टिकर. इन्शुरन्समध्ये बहामा येतं का, हे लेखी. आणि गंमत म्हणजे विमानावरचा नंबर. कमी स्पीडच्या एक्सपेरिमेंटल विमानाला तीन इंचाची अक्षरं चालतात, पण एडीआयझेड, म्हणजे किनाऱ्याबाहेरचा हवाई ओळखपट्टा, ओलांडायचा तर बारा इंचाची पाहिजेत, तात्पुरती चालतात. दादाने काळ्या टेपने एवढी मोठी अक्षरं चिकटवली की त्याचं इतक्या वर्षांचं पेंटिंग झाकून गेलं, त्याला त्याचं फार दुःख.

खरा पेच अण्णांच्या नावाचा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा, नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एकाच ओळीत. असे पासपोर्ट आपल्याकडे गावोगाव आहेत. अमेरिकन व्हिसावर मग ती अख्खी ओळ आडनावात गेली आणि नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', छापून आलं. आता ईएपिसमध्ये काय भरायचं? घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. दादा म्हणाला नीट तोडून भरू, म्हणजे वाचायला बरं दिसेल. मी म्हणालो, बरं दिसण्यासाठी नाही भरायचं, जुळण्यासाठी भरायचं. शेवटी फोन करून विचारलं आणि व्हिसावर जसं आहे तसंच भरलं. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हेही तेव्हाच बघितलं, सिंगल असता तर परत अमेरिकेत शिरणंच अवघड होतं. बहामासाठी वेगळा व्हिसा लागतो का, हेही लेखी विचारलं, वापरात असलेल्या अमेरिकन व्हिसावर चालेल असं उत्तर आलं, त्याची प्रिंट फाइलला.

इन्शुरन्स: जिथे माझं मन अजून मानत नाही

सगळं ठरल्यावर अण्णांची इकडून काढलेली ट्रॅव्हल पॉलिसी मी पूर्ण वाचली. त्यात लिहिलेलं की तिकीट काढून प्रवासी विमानात बसलेला असेल तरच हवाई प्रवासातला अपघात धरणार. म्हणजे दादाच्या विमानात काही झालं तर ती पॉलिसी कागदच. दादाच्या विमानाच्या पॉलिसीत प्रवाशाच्या उपचारासाठी थोडी रक्कम होती, अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या मानाने ती काहीच नाही.

इथे पाचवा पर्याय परत उघडायला पाहिजे होता. अण्णा प्रवासी विमानाने, दादा एकटा. पण तोवर अण्णांची पूलमधली परीक्षा झालेली, सगळ्यांचा जीव गुंतलेला. लातूरला असलेली दादाची बहीण ठामपणे नको म्हणाली. अण्णा म्हणाले, "माझ्या जीवाचं मी बघतो." घरात बोलून ही रिस्क घेतली असं म्हणता येईल, पण माझ्या मते बोलून नाही, थकून घेतली. शीटमध्ये ती ओळ मी लालच ठेवली आणि पुढे 'घरच्यांचा निर्णय' लिहिलं.

काय काय केलं

नको म्हणायचा हक्क तिघांना दिला होता, दादा, अण्णा आणि मी, आणि कारण सांगायची सक्ती नाही. हॉटेल रद्द करता येईल असंच घेतलं, जरा महाग पडलं.

पहिली तारीख मीच पाडली असं दादा म्हणतो, खरं तर ती कोल्ड फ्रंटने, म्हणजे थंड हवेच्या येणाऱ्या पट्ट्याने, पाडली. हिवाळ्यात आणि मार्चमध्ये तिकडे उत्तरेकडून फ्रंट उतरतात, वारा उत्तरेचा आणि गल्फ स्ट्रीम उत्तरेला वाहणारा, दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. आकाश निळं होतं, उडायला काहीच हरकत नव्हती, पण त्या लाटांत उतरून राफ्टमध्ये चढणं अण्णांना जमलं नसतं. उडता येतं का आणि उतरता येतं का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आमच्या शीटमध्ये लाटांची उंची ही वेगळी ओळ होती म्हणून ते लक्षात आलं. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

दुसऱ्या तारखेला निघाले. फ्लाइट प्लॅन भरलेला, रेडिओवरून तो चालू केला, किनारा सोडताना अण्णांना वेळ सांगायचं काम दिलं होतं, त्यामुळे ती अकरा मिनिटं ते घड्याळाकडेच बघत होते, पाण्याकडे नाही. फ्रीपोर्टला उतरायच्या आधी प्लॅन रेडिओवरच बंद केला, खाली गेल्यावर फोन लागेल याच्या भरवशावर राहायचं नाही. इमिग्रेशनला काही मिनिटं लागली. वहिनींनी दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बीचवर संपवली, बहामातल्या फळांचं काही परत आणायचं नाही हे ठरलेलंच होतं.

परत येताना

पुढचा फ्रंट अंदाजापेक्षा लवकर आला. सकाळी उशिरा निघायचं ठरलं होतं, ते आणखी लवकर आणावं लागलं. ईएपिसमधली परतीची यादी फ्लोरिडातूनच भरून ठेवलेली होती, पण वेळ बदलली म्हणजे कस्टम्सला परत फोन. फोन कुणी उचलेना. हवा चांगली, विमान तयार, पेट्रोल घरूनच आणलेलं, फक्त एक होकार नाही. दादाचं म्हणणं पडलं की यादी भरलेली आहे, निघू, तिथे पोचेपर्यंत लागेल फोन. अण्णांनी हक्क वापरला आणि कारणही सांगितलं नाही. जवळजवळ दोन तास विमानतळावरच्या बाकावर बसले. मग फोन लागला, वेळ मिळाली, आणि ठरल्या वेळेला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे धरून उतरले. येताना पश्चिमेच्या नियमाने १०,५०० फुटांची उंची घेता आली असती, पण अण्णांसाठी ८,५०० घेतली, धोक्याची मिनिटं थोडी वाढली. ओळखपट्ट्यात शिरायच्या आधी मायामी सेंटर या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राकडून स्क्वॉक कोड, म्हणजे रडारवर विमान ओळखायचा आकडा, घेतला.

फोर्ट पिअर्सला ऑफिसरने अण्णांचा व्हिसा दोनदा पाहिला, नाव यादीशी जुळवलं, किती दिवस राहणार आणि परतीचं तिकीट कधीचं विचारलं, आणि सोडलं. दोघं विमानातून उतरल्यावर तासाभरात तिकडे ढग भरून आले.

वेगळं काय करता आलं असतं

इन्शुरन्सची पॉलिसी पहिल्या आठवड्यात वाचायला पाहिजे होती, लोकांची मनं गुंतायच्या आधी. व्हिसा, नाव, पॉलिसी ही प्रवाशाची तीन कामं विमानाच्या कामांच्या आधी व्हायला पाहिजेत, आम्ही उलटं केलं, कारण दादाला विमानाची कामं आवडतात.

राफ्ट जमिनीवर एकदा तरी उघडून बघायला पाहिजे होती. भाड्याची होती म्हणून उघडली नाही. पूलमध्ये जॅकेटची प्रॅक्टिस झाली, राफ्टमध्ये चढायची नाही झाली, आणि त्या वयात गुडघ्यांनी राफ्टमध्ये चढणं हेच सगळ्यात अवघड.

फोन न उचलणं ही ओळ मी दुसऱ्या भागात टाकली होती. ती तिथेच बरोबर होती का, यावर माझं आणि दादाचं अजून जमत नाही. फोन न लागल्याने कुणी मरत नाही, पण फ्रंट येत असताना फोनची वाट बघत बसलं तर जीवावरची गोष्ट होऊ शकते. तेव्हा फ्रीपोर्टला आणखी एक रात्र राहायची तयारी, औषधं आणि पैसे धरून, आधीच पाहिजे. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या मोजून दोन दिवसांच्याच नेल्या होत्या.

दादाचं मत आहे की एक्झुमाही झालं असतं, वाटेत नासाऊला, बहामाच्या राजधानीत, पेट्रोल घेऊन. झालंही असतं. पुढच्या हिवाळ्यात तो दुसऱ्या एका आरव्हीवाल्या मित्राला सोबत घेऊन जाणार आहे, दोन विमानं, आणि अण्णा परत तिकडे गेलेच तर ते तिकीट काढून नासाऊला पोचणार, असं सध्या ठरतंय. शीट परत माझ्याकडे आलीय, परतीच्या रकान्यापासून भरतोय, नासाऊच्या पेट्रोलची ओळ अजून लाल आहे.